काउंटरवरची सावध नजर

जत्रेत आपण फुगे फोडायला बंदूक हातात घेतो ना, तशीच मौज म्हणून अमेरिकेत लोक नेमबाजीच्या रेंजवर जातात. बंदूक तिथे भाड्याने मिळते, आणि ती खरी असते बरं का! म्हणूनच कधी एखादा जिवाला कंटाळलेलाही तिथे येतो. मग काउंटरवरच्या माणसानं काय करायचं?

न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ साली एकाच दुकानातून बंदुका नेलेल्या तिघांनी आठवड्याच्या आत आत्महत्या केली. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दुकानदार हादरला, पण "आपण काय करणार?" म्हणून हात झटकून बसला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. दुकानदार आणि आरोग्य क्षेत्रातली मंडळी एकत्र बसली, विक्रेत्यांसाठी सूचनापत्रकं निघाली. गिऱ्हाईक अस्वस्थ दिसतंय? वस्तूची निगा कशी राखायची तेही विचारत नाही? मग घाई नको. बोलतं करा, वाटल्यास चक्क नाही म्हणा. काही रेंजवर तर एकट्या नवख्याला बंदूक देतच नाहीत, सोबत कुणाला तरी घेऊन या म्हणतात.

एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. पण तो टोकाचा क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यातून निभावलेले बहुतेक जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत.

आणि सरळ विचारावं, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. (आपण मात्र "अभद्र बोलू नये" म्हणून त्याला गप्प करतो!) आपल्याकडे टेलि-मानसचा १४४१६ हा फोन दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.