पोर्ट सापडत नाही तेव्हा

शाळेतला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लिनक्स घातलेल्या संगणकावर चालेना, म्हणून एक शिक्षक आमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी घटक चाचणी होती आणि प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या. प्रिंटर भंगारात काढायचेही ठरत आले होते. आम्ही म्हटले, जरा थांबा.

प्रथम केबल काढून, बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला. त्याने स्वतःची चाचणी-छपाई केली. म्हणजे प्रिंटर निर्दोष! मग दोष केबलचा, पोर्टचा की लिनक्सचा?

यूएसबीला जोडलेले उपकरण आपली ओळख स्वतःच सांगते. संगणकावरचा 25 छिद्रांचा जुना समांतर पोर्ट तसे करत नाही. त्याला ठरावीक पत्त्यांवर शोधावे लागते. नेहमीचा पत्ता सोळा-आधारी पद्धतीत 378. लिनक्स तेथे 10101010 लिहून ते परत वाचते, मग 01010101. हेच दोन आकडे का? विद्यार्थ्यांना जरूर विचारा. आठही तारांची 0 आणि 1 अशी दोन्ही वेळा परीक्षा होते, आणि शेजारच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर तेही कळते. लिहिलेले जसेच्या तसे परत आले, की पोर्ट आहे. यासाठी प्रिंटर जोडलेला असण्याचीही गरज नाही! म्हणून 'पोर्ट सापडत नाही' आणि 'प्रिंटर छापत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

'डीमेसेज' ही आज्ञा देऊन आम्ही लिनक्सची नोंदवही वाचली. 'एलपी' हा चालक आला आहे, पण त्याला उपकरण मिळाले नाही, असे तीत होते. पोर्ट शोधण्याचे काम 'पारपोर्ट_पीसी' या दुसऱ्या चालकाचे. तो 'मॉडप्रोब'ने चढवला, तरी पोर्ट नाहीच. म्हणजे त्या पत्त्यावर कोणी उत्तरच देत नव्हते. संगणक पुन्हा सुरू करून बायॉसची मांडणी उघडली, तर समांतर पोर्ट तेथेच बंद केलेला! तो चालू करताच नोंदवहीत 'एलपी0' उमटले. मग एक ओळ थेट त्या नावावर पाठवली आणि कागदावर ती खडखडत आली.

एक सावधगिरी. 1999 साली लिनक्सची 2.2 आवृत्ती आली. त्यापूर्वी 378 पत्त्याच्या पोर्टला 'एलपी1' म्हणत. त्यानंतर पहिल्या सापडलेल्या पोर्टला 'एलपी0' म्हणू लागले. त्यामुळे जुन्या पुस्तकातला सल्ला फसवू शकतो.

प्रश्नपत्रिका वेळेवर छापून झाल्या. एका वेळी एकच शक्यता तपासायची, ही प्रयोगशाळेतलीच शिस्त येथेही कामी आली.