खर्चाला हवी उत्पन्नाची जोड

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे दुष्काळी कामांवर राबली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने ‘मागेल त्याला काम’ हे वचन दिले. ते पाळायला पैसा हवा, म्हणून राज्याने १९७५मध्ये व्यवसाय कर लावला. तो आजही पगारातून कापला जातो, वर्षाला कमाल २,५०० रुपये. या करातून जमेल तेवढीच रक्कम सरकारनेही घालायची, असे ठरले.

नवा खर्च मुख्यतः तीन मार्गांनी भागतो: कर वाढवून, दुसऱ्या खर्चाला कात्री लावून किंवा कर्ज काढून. कर्जाच्या पैशातून धरणे, रस्ते झाले, तर पुढे उत्पन्न वाढते आणि परतफेड सोपी होते. पण पगार, निवृत्तिवेतन, अनुदाने, व्याज असा चालू खर्च महसुलापेक्षा वाढला, की महसुली तूट येते. ती कर्जाने भरली, की व्याजाचा बोजा आणखी चढतो. व्याज टाळता येत नाही, मग शाळा-दवाखान्यांच्या वाट्याला कमी उरते.

म्हणून कोणतीही योजना जाहीर झाली, की तिचा पैसा कुठून येणार, हे आपण विचारलेच पाहिजे.