साठ अंशांवर जगणारे गोदाकाठचे जीव

पंचवटीतल्या देवळांचं निर्माल्य, शेण आणि पालापाचोळा यांचा ढीग रचला, त्याला पाणी आणि हवा नीट मिळाली, की तीन-चार दिवसांत तो तापतो. थंडीतल्या सकाळी वरचा थर बाजूला सारला की वाफ निघते; आत हात घालवत नाही. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलेलं असतं. ही ऊब सूक्ष्मजीवांच्या श्वसनाची. ती वाढली की साधे जीवाणू मागे पडतात आणि उष्णताप्रेमी जोर धरतात.

हे येतात कुठून? बरेचसे मातीतूनच. ‘जिओबॅसिलस’ प्रजातीचे जीवाणू ज्या मातीत आढळतात, ती बहुतेक ठिकाणी त्यांच्या वाढीपुरती कधी तापतच नाही. डॅनियल झिगलर या अभ्यासकाने २०१४ मध्ये हाच विरोधाभास मांडला. उत्तराचा मोठा भाग बीजाणूंत आहे: ते वर्षानुवर्षं तग धरतात, वाऱ्यावर दूरदूर जातात.

त्यांना मातीतून वेगळं काढणं अवघड नाही. चिमूटभर माती पाण्यात कालवून ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवायची. बीजाणू न करणारे बहुतेक मरतात. उरलेलं अगारच्या प्लेटवर पसरून, प्लेट सुकू नये म्हणून पिशवीत बांधून, ६० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वसाहती दिसू लागतात. इथवर बी.एस्सी.चा विद्यार्थीही पोचतो. खरी कसोटी नाव ठरवताना लागते.

१९२० मध्ये डोंक यांनी बिघडलेल्या डबाबंद अन्नातल्या जीवाणूला ‘बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ म्हटलं. पुढे ‘बॅसिलस’मध्ये इतके भिन्न जीव कोंबले गेले की नावावरून नातं कळेना. २००१ मध्ये नाझिना आणि सहकाऱ्यांनी ‘जिओबॅसिलस’ ही प्रजाती वेगळी केली आणि हा जीव तिच्यात गेला. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह खरोखर निर्जंतुक करतो का, हे आजही त्याच्याच बीजाणूंवर तपासतात. तिथे नाव चुकून चालणार नाही.

नवी जाती ठरवायची तर जवळच्या ज्ञात जातीशी १६एस या जनुकाचं साम्य साधारण ९८.७ टक्क्यांखाली असलं की वाट मोकळी होते. अधिक असेल तर संपूर्ण जनुकसंच ताडून पाहावा लागतो. तिथे ९५-९६ टक्के ही सीमा. शिवाय जिवंत अस्सल वाण दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावं लागतं. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने २००९ मध्ये उभारलेला संग्रह अशा कामासाठी आहे. लोणारच्या खाऱ्या पाण्यातल्या एका जीवाणूला २०१२ मध्ये ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’ हे नाव मिळालं. तो उष्णताप्रेमी नव्हे, पण गाव नावात आलं.

नांदेडच्या उनकेश्वरच्या गरम झऱ्यातल्या डीएनएचा अभ्यास झाला आहे. पण नुसत्या डीएनएवर जुन्या नियमांनुसार नाव मिळत नाही. २०२२ च्या ‘सीक्वकोड’ या नव्या नियमावलीने जनुकसंचावरूनही नाव देण्याची सोय केली. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जीवांसाठी ती मला रास्त वाटते. खताच्या ढिगातला जीव मात्र एका रात्रीत प्लेटवर उगवतो. त्याचं वाण न राखता नुसती जनुकांची यादी छापणं मला पटत नाही.