दुसऱ्याच्या खेळाची पुरवणी

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात डिकेटर नावाचे शहर आहे. मका आणि सोयाबीनवर प्रक्रिया करणारे कारखाने ही त्याची ओळख. ४ जुलै १९७६ रोजी सारा देश स्वातंत्र्याची दोनशे वर्षे साजरी करत असताना या शहरातले दोन मित्र, बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनेव्हा या गावी एका कंपनीच्या दारात जाऊन पोहोचले. त्यांचे मागणे साधे होते. तुमच्या खेळासाठी लागणारे नकाशे, गावांची वर्णने, तक्ते आम्ही छापून विकले तर चालेल का? कंपनीने तोंडी होकार दिला. असल्या पुरवण्या पैसे देऊन कोण घेणार, असेच त्यांना वाटत होते. त्या तोंडी होकारावर ‘जजेस गिल्ड’ नावाची छोटी प्रकाशन संस्था उभी राहिली.

हा खेळ कोणता, ते आधी सांगायला हवे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो म्हणतो, तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आहात, पुढे एक पडका दरवाजा आहे, आतून पाण्याचा आवाज येतो आहे. आता काय कराल? बाकीचे प्रत्येकजण एकेक पात्र असतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. ते आपापली चाल तोंडाने सांगतात. चाल साधली की फसली, हे फासे ठरवतात. पट नाही, पत्ते नाहीत, शेवटी कोणी जिंकतही नाही. गोष्ट मात्र महिनोन्‌महिने चालू राहते.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे हे वाचताना आम्हाला पहिली आठवण झाली ती दास्तानगोईची. अमीर हमज़ाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छापायला घेतली आणि तिचे ४६ जाडजूड खंड झाले. त्या दास्तानीतल्या अमर अय्यारची ज़ंबील, म्हणजे काहीही कोंबले तरी न भरणारी झोळी, आपल्या घरातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. अमेरिकन खेळातही तशीच एक पिशवी आहे. कोणी कोणाचे घेतले असे आमचे म्हणणे नाही. माणसाला न भरणारी पिशवी सगळीकडेच हवी असते. फरक एवढाच की दास्तानगो एकटा बोलतो आणि बाकीचे ऐकतात. इथे ऐकणाराच मध्ये उठून म्हणतो, मी दरवाजा उघडत नाही.

खेळ तयार केला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी. गायगॅक्स विमा कंपनीत नोकरीला होते. १९७० साली ती नोकरी गेली आणि पुढे घराच्या तळघरात बसून त्यांनी जोडे दुरुस्त करायला सुरुवात केली. १९७३ मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासोबत प्रत्येकी एक हजार डॉलर घालून ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही कंपनी काढली. ते पैसे छपाईला पुरेनात, म्हणून ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार दोन हजार डॉलर घेऊन आले. जानेवारी १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांचा संच निघाला. प्रती एक हजार, किंमत दहा डॉलर. खोक्यात पुस्तिका भरण्याचे काम घरीच चालायचे. दुकानात नेहमीचा सहा बाजूंचा फासा मिळे, पण या खेळाला चार, आठ, बारा, वीस बाजूंचेही फासे लागत. ते सापडले शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यादीत. घनाकृती शिकवायला कोणीतरी केलेली वस्तू अशी भलत्याच कामी आली. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्या फार खूश झाल्या.

पुढे जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेले. तेव्हा ते जेमतेम छत्तिशीचे होते. त्यांचा हिस्सा त्यांच्या पत्नीकडे आला. तो विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्सकडे नव्हते, ब्लूम कुटुंबाकडे होते. बहुमत तिकडे गेले आणि दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, गायगॅक्सना स्वतःच काढलेल्या कंपनीवरचा ताबा गमवावा लागला. मित्रामित्रांत धंदा करणाऱ्या आपल्या तरुणांनी भागीदारीचा कागद करताना ‘उद्या एकजण नसला तर’ हे कलम सर्वांत आधी लिहावे, असे आम्हाला वाटते.

आता पुन्हा डिकेटर. खेळाचे नियम तयार होते, पण सूत्रधाराला दर आठवड्याला नवे गाव, नवी वाट, नवी माणसे लागतात. नोकरी करून, संसार करून हे रोज कोण लिहिणार? ब्लेडसॉ आणि ओवेन यांनी नेमकी ही अडचण हेरली. १९७६च्या ऑगस्टमध्ये लेक जिनेव्हाच्या ‘जेन कॉन’ या खेळांच्या मेळाव्यात ते एका काल्पनिक नगरराज्याचा मोठा नकाशा घेऊन गेले. चार तुकडे जोडले की गल्ल्यांसकट सगळे शहर समोर. नकाशासोबत त्यांनी वर्गणीही गोळा केली. आज पैसे द्या, पुढचे भाग टपालाने येत राहतील. आपल्याकडे नियतकालिके अशीच चालतात, हे वेगळे सांगायला नको. कर्ज न काढता वाचकाच्याच आगाऊ पैशांवर पुढचा अंक छापायचा. जबाबदारी मोठी, कारण अंक चुकला तर पैसे गेलेच आणि पतही गेली.

त्या शहराच्या पुस्तिकेत गल्लीगल्लीतली दुकाने होती, दुकानदाराचे नाव, स्वभाव, त्याच्याकडचा माल. १९७७ मध्ये त्यांनी सूत्रधारासाठी उभा धरायचा पुठ्ठ्याचा पडदा काढला. आतल्या बाजूला सगळे तक्ते, बाहेरच्यांना काही दिसत नाही. आज प्रत्येक मोठी कंपनी असा पडदा विकते. कागद स्वस्त, मुखपृष्ठ साधे, चित्रे कधी बरी कधी कच्ची, पण वस्तू उपयोगाची. १९८०च्या सुमारास या संस्थेची अडीचशेच्या वर प्रकाशने होती आणि भरात असताना तिथे ४२ माणसे काम करत होती. मक्याच्या गावात बेचाळीस घरांची चूल कल्पनेतल्या शहरांवर पेटत होती म्हणायची.

पण जमीन दुसऱ्याची होती. पुरवण्या खपतात हे मूळ कंपनीच्याही लक्षात आले. १९७८ मध्ये तिने स्वतःची साहसकथांची पुस्तिका काढली आणि मग काढतच गेली. तिच्याकडे चांगला कागद, रंगीत मुखपृष्ठ आणि मुख्य म्हणजे नाव होते. तोंडी होकाराची जागा परवान्याच्या कराराने घेतली होती. १९८२च्या सुमारास तो करारही संपला. जजेस गिल्डने इतर खेळांच्या पुरवण्या काढून पाहिल्या, पण भर ओसरली ती ओसरलीच.

अशा छोट्या प्रकाशकाचा हिशेब कसा असतो, ते मांडून पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत, पण प्रमाण खऱ्या व्यवहाराला धरून आहे. समजा पुस्तक ३० डॉलरचे आहे. वितरक ते साधारण चाळीस टक्क्यांत उचलतो, म्हणजे हातात १२ डॉलर. हजार प्रती सगळ्या गेल्या तर १२ हजार. त्यातून छपाईचे चार हजार, साठ हजार शब्दांना शब्दामागे पाच सेंटप्रमाणे लेखकाचे तीन हजार, चित्रांचे अडीच हजार, संपादन आणि मांडणीचे एक हजार. उरले दीड हजार. गाडीभाडे, गोदाम आणि कर त्यातूनच. आणि हे सगळ्या प्रती गेल्या तर. पलंगाखाली दोनशे प्रती राहिल्या की नफा त्या पलंगाखालीच असतो. पुण्या-मुंबईत कवितासंग्रह काढलेल्या कोणाही माणसाला ही गोष्ट उलगडून सांगावी लागणार नाही.

पीडीएफने यात थोडा श्वास मिळाला. छपाई नाही, गोदाम नाही. ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’ हे त्यांचे मोठे ऑनलाइन दुकान. प्रकाशकाने फक्त तिथेच विकायचे कबूल केले तर सत्तर टक्के त्याला मिळतात, नाहीतर पासष्ट. ‘किकस्टार्टर’वर लोक आगाऊ पैसे देतात आणि ती कंपनी पाच टक्के कापून घेते, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. डिकेटरच्या वर्गणीचेच हे नवे रूप. जगभर टपाल पाठवण्याचा खर्च कमी धरला की इथेही घर बुडते.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात एक प्रश्न आला असेल. फासे? नर्दबद्दलची हदीस आपल्याला माहीत आहे, आणि पैसे न लावताही फासे टाळावेत असे सांगणारे उलेमा पुष्कळ आहेत. या खेळात कोणी पैसा लावत नाही, त्यामुळे किमार नाही, एवढे आम्ही सांगू शकतो. फाशांचे प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. जादू आणि सैतानांची वर्णने हा दुसरा प्रश्न. तो अमेरिकेतल्या ख्रिस्ती आईबापांनाही पडला होता. १९८०च्या दशकात तिथे या खेळाविरुद्ध इतका गदारोळ झाला की १९८९च्या आवृत्तीत मूळ कंपनीने सैतान आणि राक्षस हे शब्दच काढून तिथे बनावट नावे घातली. छोट्या प्रकाशकाला हे सोपे असते. त्याच्या गावात काय असावे आणि काय नसावे, हे तोच ठरवतो.

उर्दूचा शिक्षक या विषयावर लिहीत असेल तर एका माणसाचे नाव टाळता येत नाही. मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर हे अमेरिकन प्राध्यापक तरुणपणी मुसलमान झाले. मिनेसोटा विद्यापीठात ते उर्दू शिकवत आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९६७ मध्ये उर्दूचा मोठा अभ्यासक्रम तयार केला. त्यांनी ‘टेकुमेल’ नावाचे स्वतःच्या भाषा आणि लिपी असलेले जग रचले. त्यावरचा खेळ १९७५ मध्ये निघाला आणि पुढे एकामागून एक छोट्या प्रकाशकांनी तो पुन्हापुन्हा छापला. आमच्यासारख्यांना याचा अभिमान वाटावा असेच हे सारे. पण बार्कर यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या ‘टेकुमेल फाउंडेशन’ने जाहीर केले की १९९१ साली टोपणनावाने निघालेली एक उघड नाझी विचारांची, ज्यूद्वेष्टी कादंबरी त्यांनीच लिहिली होती. ज्या छोट्या संस्थेची सगळी पुंजी एका माणसाच्या नावावर उभी आहे, तिने त्या नावाबद्दल असे छापणे सोपे नसणार. तरी ते छापावेच लागते. कुणाचा द्वेष कागदावर उतरला की काय होते, हे आपल्या समाजाला दुसऱ्याने सांगायची गरज नाही.

परवान्याची गोष्ट अजून बाकी आहे. १९९७ मध्ये मूळ कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली. २००० साली या नव्या मालकांनी खेळाचे मुख्य नियम एका खुल्या परवान्याखाली सर्वांना दिले. पैसे नकोत, विचारायलाही नको. शेकडो छोटे प्रकाशक उगवले. २००३ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती आली आणि जुन्या नियमांवरची पुस्तके दुकानांत पडून राहिली. बरेच प्रकाशक त्यात गेले. कोणी त्यांच्याशी वाईट वागले नव्हते, फक्त खालची सतरंजी बदलली.

जानेवारी २०२३ मध्ये वेळ आणखी कठीण आली. नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना खुला परवाना रद्द, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री गेली तर वरच्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा, तोही नफ्यावर नव्हे, विक्रीवर. वरचा हिशेब पुन्हा पाहा. ज्या धंद्यात बारा हजारांतून दीड हजार उरतात, तिथे विक्रीवरचे पंचवीस टक्के कुठून द्यायचे? मर्यादा मोठ्यांना लागू होती हे खरे, पण अटी पुढे बदलता येतील असेही त्यात होते, आणि वीस वर्षे ज्यावर घर बांधले तो कागदच मागे घेतला जात होता. ‘पायझो’सारख्या मोठ्या प्रतिस्पर्ध्याने सर्वांसाठी वेगळा खुला परवाना करायचे जाहीर केले. ‘कोबोल्ड प्रेस’ने स्वतःचेच नियम लिहायला घेतले. खेळणाऱ्यांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांचे ते नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली मोकळे केले. हा परवाना तिला परत घेता येत नाही.

त्यामुळे आज एखाद्या गावात बसून कोणी या खेळाची पुरवणी काढायची म्हटली तर डिकेटरच्या मित्रांसारखे कोणाच्या दारात जावे लागत नाही. मूळ नियमांचे श्रेय ठरलेल्या शब्दांत छापले की झाले. ए-चार कागद मधोमध दुमडून, पाठीला दोन पिना मारून केलेल्या छोट्या पुस्तिकांची तिकडे सध्या चलती आहे. किकस्टार्टरवर २०१९पासून बहुतेक वर्षी फेब्रुवारी महिना त्यांच्यासाठी राखलेला असतो. मोकळे केलेले ते नियम कंपनीने इंग्रजीनंतर फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश या भाषांत आणले. त्या यादीत उर्दू नाही, मराठीही नाही. तलिस्म, अय्यार, ज़ंबील आणि किल्ल्याचा चोरदरवाजा हे सगळे शब्द आपल्या घरात आधीपासून आहेत, आणि दुमडलेल्या ए-चारची छपाई कोणत्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात होते.