विमानतळावरील जलद मार्गिका आणि गावचे दप्तर

रायगड जिल्ह्यातील चिरनेर हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. डोंगराच्या कुशीतील या गावाचा जगाशी संबंध त्या काळी पनवेलच्या बाजारपेठेपलीकडे फारसा नव्हता. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण-पनवेल परिसराचे रूप पालटू लागले. भातखाचरांच्या शेजारी मालाची गोदामे उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. चिरनेरपासून हा विमानतळ अवघ्या काही मैलांवर आहे. साहजिकच परदेशप्रवास हा विषय या भागातील घराघरांत बोलला जाऊ लागला आहे आणि त्याबरोबरच काही गैरसमजही पसरू लागले आहेत. व्यापाऱ्यांना विमानतळावर रांगेविना सोडणारे एक 'कार्ड' मिळते, हा त्यांपैकी एक होय.

असे कार्ड अस्तित्वात नाही असे नव्हे. आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य परिषद, जिला 'एपेक' या संक्षिप्त नावाने ओळखतात, तिच्या सदस्य देशांनी १९९७ पासून व्यावसायिक प्रवाशांसाठी एक प्रवासपत्र सुरू केले. ते जवळ असलेल्या व्यापाऱ्याला सहभागी देशांच्या विमानतळांवर स्वतंत्र मार्गिका मिळते. बहुतेक देशांत अल्प मुदतीच्या व्यावसायिक भेटीसाठी वेगळ्या व्हिसाचीही गरज राहत नाही. अमेरिका व कॅनडा यांनी मात्र मार्गिकेची सवलत दिली, व्हिसाची दिली नाही. तथापि भारत या परिषदेचा सदस्य नाही. त्यामुळे भारतीय पारपत्र, म्हणजेच पासपोर्ट, धारण करणाऱ्या उरणच्या किंवा पनवेलच्या निर्यातदाराला हे कार्ड मिळू शकत नाही. ते मिळवून देतो असे कोणी सांगू लागल्यास त्याला पैसे देण्यापूर्वी एवढी एकच गोष्ट आठवली तरी पुरे.

भारतीय प्रवाशासाठी जी सोय खरोखर उपलब्ध आहे ती वेगळी आहे, आणि तीसाठी व्यापारी असण्याची अट नाही.

विश्वासू प्रवासी योजना

केंद्र शासनाच्या गृह मंत्रालयाने २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' ही योजना सुरू केली. १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह आणखी सात विमानतळांवर, तर ११ सप्टेंबर २०२५ रोजी लखनौ, अमृतसर, तिरुवनंतपुरम, कोझिकोड व तिरुचिरापल्ली येथे तिचा विस्तार करण्यात आला. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या नोंदणीकृत व्यक्ती, यांना तिचा लाभ घेता येतो. सुरुवातीपासून ही सोय निःशुल्क ठेवण्यात आली आहे. अमेरिकेची याच धर्तीची 'ग्लोबल एन्ट्री' योजना २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही खुली आहे. परंतु तिच्यासाठी १२० डॉलर शुल्क व प्रत्यक्ष मुलाखत आवश्यक असते. ही तुलना येथे मुद्दाम नमूद केली आहे. फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे संशयाने पाहण्याची आणि पैसे मोजून मिळणाऱ्या गोष्टीला मोल देण्याची सवय शहरांप्रमाणे गावांतही आहे.

योजनेचे कार्य समजण्यासाठी नेहमीची पद्धत प्रथम पाहिली पाहिजे. परदेशी निघालेला प्रवासी विमान कंपनीच्या खिडकीवरून बोर्डिंग पास घेतो व इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहतो. तेथील अधिकारी पारपत्र व व्हिसा तपासतो, छायाचित्राशी चेहरा ताडून पाहतो, माहिती संगणकावर पडताळतो आणि शिक्का मारतो. एका माणसाला काही मिनिटे लागतात. मध्यरात्रीच्या सुमारास एकापाठोपाठ एक विमाने सुटत असताना हीच मिनिटे साठत जाऊन तासाची रांग होते.

नव्या योजनेत ही बरीचशी पडताळणी प्रवासाच्या आधीच उरकली जाते. नोंदणी झालेला प्रवासी स्वयंचलित द्वारापाशी, म्हणजे ई-गेटपाशी, आपले पारपत्र यंत्रावर ठेवतो. यंत्र त्याची ओळख आधी घेतलेल्या ठशांशी व चेहऱ्याच्या नोंदीशी जुळवते. ती जुळताच दार उघडते व इमिग्रेशनची मंजुरी मिळाली असे समजले जाते. सारे सुरळीत असल्यास यास सुमारे अर्धा मिनिट लागतो. परतीच्या वेळीही हीच पद्धत असते. मात्र सुरक्षा तपासणी, सामानाची तपासणी आणि परतताना सीमाशुल्क विभागाची तपासणी यांतून कोणालाही सूट नाही. ही नोंदणी म्हणजे व्हिसाही नव्हे.

अर्ज कसा करावा

अर्ज गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील इमिग्रेशन ब्यूरोच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावयाचा असतो. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' ही अक्षरे आहेत किंवा नाहीत, हे पाहूनच पुढे जावे. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. अर्जात माहिती भरून छायाचित्र, पारपत्राची पाने व पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. त्यानंतर संबंधित यंत्रणा पडताळणी करतात. अर्ज मान्य झाल्यास बोटांचे ठसे व चेहऱ्याची प्रतिमा देण्यासाठी वेळ ठरविण्यास सांगितले जाते. हे काम ठराविक विमानतळांवर किंवा विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयात होते. आपल्याच देशाच्या नागरिकाला 'विदेशी नागरिक' अशी पाटी असलेल्या कार्यालयात जावे लागते हे काहीसे विचित्र वाटेल. पण इमिग्रेशनचे काम याच यंत्रणेकडे असल्याने त्यात गोंधळून जाण्याचे कारण नाही.

अर्जातील माहिती चुकीची किंवा अपुरी आढळल्यास तो नामंजूर होऊ शकतो. आणि येथेच या विषयाचा संबंध विमानतळावरून सुटून गावाशी जोडला जातो.

नोंद गावातली, अडचण विमानतळावरची

यंत्र माणसाप्रमाणे समजून घेत नाही. 'पाटील' या आडनावातील दीर्घ ईकार रोमन लिपीत लिहिताना शाळेच्या दाखल्यावर 'आय' हे एक अक्षर असेल आणि आधारपत्रावर 'ई' हे अक्षर दोनदा असेल, तर गावात त्याचे कोणाला काही वाटत नाही. तलाठी ओळखतो, पोलीस पाटील ओळखतो. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन माणसे ठरण्याचा संभव असतो. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. बँकेत सासरचे नाव, शालान्त प्रमाणपत्रावर माहेरचे आणि पारपत्रात या दोहोंपैकी एक, असे चित्र अनेक घरांत दिसते. विमानाचे तिकीट तिसऱ्याच नावाने काढले गेले की ई-गेटची गोष्ट दूरच, साध्या रांगेतही खोळंबा होतो.

या नोंदींचे मूळ ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत आणि शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत असते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी पारपत्र काढताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते. म्हणजे आज जे मूल पाळण्यात आहे त्याच्या बाबतीत पुढे शाळेचा दाखला या कामी उपयोगी पडणार नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क व वरिष्ठांची परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपर्यंत जाते. पुष्कळदा नोंद वेळेवर होते, पण बारसे व्हायचे असल्याने नावाचा रकाना कोराच राहतो. हे नाव एक वर्षापर्यंत विनाशुल्क व त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. ग्रामसभेत हा विषय वर्षातून एकदा तरी वाचून दाखविण्याजोगा आहे.

शिक्षकांच्या वाट्याला आणखी एक बाब येते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती व इतर काही अधिसूचित देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमान्वये परवानगी घ्यावी लागते. जलद मार्गिकेची नोंदणी या परवानगीची जागा घेत नाही. दहावीच्या उंबरठ्यावर शाळा सोडणाऱ्या मुलाला आणि त्याच्या पालकांना हे समजावून सांगितले गेले, तर कित्येकांचा निर्णय बदलू शकेल.

परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांसंबंधीही चौकशी होते. ऑस्ट्रेलिया किंवा सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेला कोणी ओसीआय कार्डधारक असेल, तर तो भारतात या योजनेत नोंदणी करू शकतो आणि स्वतःच्या देशाच्या नियमांत बसत असल्यास एपेकचे कार्डही घेऊ शकतो. गावी राहणाऱ्या त्याच्या भावाला मात्र दुसरा मार्ग खुला नाही.

नोंदणीची मुदत पाच वर्षे किंवा पारपत्राची उरलेली मुदत, यांपैकी जी आधी संपेल तेवढी असते. दीड वर्षात संपणाऱ्या पारपत्रावर अर्ज केल्यास नोंदणीही दीड वर्षच चालेल. ज्यांच्या पारपत्राची मुदत थोडी उरली आहे, नाव-पत्त्यात दुरुस्ती करावयाची आहे किंवा ज्यांची पाने संपत आली आहेत, त्यांनी आधी नवे पारपत्र काढावे आणि मगच त्या क्रमांकावर नोंदणीसाठी अर्ज करावा.