दावणीतले गणित

“चार पेंढ्या कडबा, पाटीभर घास आणि दोन मापं पेंड.” पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर, अकरावीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीने गाईचा रोजचा आहार सांगितला. उत्तर चोख होते, पण नातीच्या मोबाइलमधली आज्ञावली ते घेईना. तिला हवे होते किलोग्रॅम. आजी म्हणाल्या, “मास्तर, गाय काय तराजू घेऊन खाती का?”

प्रश्न रास्त होता. गाय माळावर चरत असे तोवर तिने किती खाल्ले हे कोण सांगणार? पण याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने 1975 नंतरच्या पाणलोटाच्या कामात कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही केली. शेजारच्या नगर तालुक्यातले हिवरे बाजारही त्याच वाटेने गेले. हेतू होता माती धरून ठेवण्याचा, गवत वाढवण्याचा. पण गवत कापून गोठ्यात आणायचे म्हटले की प्रत्येक भारा आधी दारात येतो. दारात आलेला भारा तोलता येतो.

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहारासाठी केलेली संगणकीय व्यवस्था याच तोलण्यावर उभी आहे. गाईच्या कानात 12 अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. त्या क्रमांकाखाली तिचे वजन, दूध, दुधातले स्निग्धांश आणि घरी मिळणारा चारा नोंदवतात. आज्ञावली मग गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार सांगते. दुधाच्या खर्चात सुमारे 70 टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाची किंमत कळते.

आता गाईचे वजन कसे करायचे? टेपने! पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, सारे सेंटिमीटरमध्ये, भागिले 10,840, उत्तर किलोग्रॅममध्ये. आमच्या गाईचा घेर 172, लांबी 147. वजन आले 401. हा 10,840 कुठून आला? गाय म्हणजे पाण्याच्या घनतेचे दंडगोल समजा. मग भाजक 4π गुणिले 1,000, म्हणजे सुमारे 12,566 येतो आणि वजन 346 किलो. उरलेले 55 किलो म्हणजे डोके, मान, पाय! मात्र घेराचा वर्ग आहे, हे विसरू नका. टेप 5 सेंटिमीटर सैल धरली, की वजन 24 किलोंनी फुगते.

अशा 400 किलोच्या, दिवसाला 10 लिटर दूध देणाऱ्या गाईला ढोबळमानाने 6.3 किलो पचनीय पोषक द्रव्ये (ही तिची ऊर्जा) आणि 1.2 किलो प्रथिने लागतात. किलोभर कडब्यात पोषक द्रव्ये 0.45 किलो आणि प्रथिने 0.03 किलो, पेंडीत अनुक्रमे 0.67 आणि 0.22 धरू. सोपेपणासाठी घास बाजूला ठेवू. कडबा x किलो, पेंड y किलो. म्हणजे

0.45x + 0.67y = 6.3
0.03x + 0.22y = 1.2

आलेखावर या दोन रेषा काढा. गरज भागवायची तर रेषांवर किंवा त्यांच्या वरच्या बाजूला राहायला हवे. पोटाची तिसरी रेषा वरून आडवी येते: x + y सुमारे 13.3 पेक्षा जास्त नको. या कुंपणात सर्वांत स्वस्त बिंदू नेहमी कुठल्यातरी कोपऱ्यावर सापडतो. पेंडीचा भाव कडब्याच्या तिप्पट धरला, तर तो दोन समीकरणांच्या छेदनबिंदूवर येतो: कडबा सुमारे साडेसात किलो, पेंड साडेचार. घास, मका, कॅल्शियम, फॉस्फरस आले की कागद पुरत नाही. 1945 मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी माणसाच्या आहाराचे असेच कोडे मांडले: 77 पदार्थ, 9 पोषकतत्त्वे. त्यांचे अंदाजी उत्तर होते 1939 च्या भावाने वर्षाला 39.93 डॉलर. 1947 मध्ये जॉर्ज डँट्झिग यांच्या नव्या रीतीने तेच गणित हिशेबयंत्रांवर नऊ जणांनी सोडवले; श्रम झाले सुमारे 120 मनुष्यदिवस आणि उत्तर आले 39.69! आज खिशातला मोबाइल ते क्षणात करतो.

पण मोबाइलला पेंढी तोलता येत नाही. मी आजींची पेंढी अंदाजाने 2 किलोची धरली होती, म्हणजे कडबा 8 किलो. ताणकाट्याला लावली तेव्हा सरासरी निघाली 1.4 किलो, म्हणजे कडबा साडेपाच किलोंच्या आसपास. राहिलेल्या तुटीत तीन लिटर दुधापुरती ऊर्जा होती. दोन आठवडे दूध का वाढत नाही म्हणून मी आज्ञावलीला दोष देत होतो. नात मात्र तेव्हापासून वहीत रोजची वजने लिहिते; आजी तिला ‘तलाठीण’ म्हणतात.

आता एक काम तुमच्यासाठी. दुष्काळात कडबा महागतो. त्याचा भाव पेंडीच्या दोन-तृतीयांशाहून वर गेला, की वरच्या आलेखातला स्वस्त कोपरा उडी मारून y-अक्षावर जातो: कडबा शून्य, पेंड सुमारे 9.4 किलो. पडताळून पाहा. गणित बरोबर आहे, पण असे खाऊन गाय आजारी पडेल, कारण रवंथ करायला तिला चोथा लागतो. आपण दिलेल्या समीकरणांत गाय रवंथ करते हे कुठेच लिहिलेले नव्हते. ते सांगणारी चौथी रेषा कोणती काढाल?