गाभा वर, पाणी बाजूला!

फुलवाल्याकडे जाऊन ‘डेझी द्या’ म्हणा. तो हमखास जर्बेरा काढून हातात ठेवेल. आणि त्यात त्याचं काही चुकत नाही बरं का! जर्बेरा डेझीच्याच कुळातला. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन या सोन्याच्या खाणींच्या गावाजवळ १८८० च्या दशकात रॉबर्ट जेमसन यांनी तो गोळा केला, म्हणून त्याचं इंग्रजी नाव बार्बर्टन डेझी. आज आपल्याकडे फ्रेशर्स पार्टीपासून लग्नाच्या स्टेजपर्यंत तोच मिरवतो.

थंडीत नर्सरीतला कुंडीतला जर्बेरा बघून मोह आवरत नाही. तुमच्यापैकी कुणी तो रूमवर आणला असेल, कुणाला वाढदिवसाला मिळाला असेल. पंधरा दिवसांत पानं माना टाकतात, मधेच काळं पडतं आणि आपण जाहीर करून मोकळे, ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही!’ पण दोष हाताचा नसतो. ते बिचारं बहुतेक वेळा पाण्याने मेलेलं असतं.

नीट बघा, जर्बेऱ्याला खोड दिसतच नाही. सगळी पानं आणि कळ्या मधल्या एका गाभ्यातून फुटतात. हा गाभा मातीत गाडला गेला किंवा त्यात पाणी साचलं की तो कुजतो. गाभा गेला की झाड गेलं. म्हणून रोप नव्या कुंडीत लावताना गाभा मातीच्या थोडा वर राहू द्या. पाणी बाजूने, मातीला द्यायचं; वरून आंघोळ नको. आणि ‘रोज एक मग’ हा नियम विसरा. मातीत बोट खुपसा, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी. ताटलीत साठलेलं ओतून टाका.

मावळात, तळेगावच्या बाजूला पॉलिहाउसमध्ये शिरायची संधी मिळाली तर फुलांआधी खाली बघा. तिथे जर्बेरा सपाट जमिनीवर नसतो, उंच गादीवाफ्यांवर असतो. लाल माती, शेणखत, भाताचं तूस असं भुसभुशीत मिश्रण आणि ठिबकने पाणी. हा सगळा खटाटोप मुळांशी पाणी थांबू नये म्हणून. कुंडीतही तेच करा. लाल माती, कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत. नुसती काळी माती नकोच.

सकाळचं चार-पाच तास ऊन हवं, एप्रिल-मेमधलं दुपारचं नको. हॉस्टेलच्या खिडकीत ऊनच येत नसेल तर पानं येतील, फूल रुसेल. तिथे सरळ मनी प्लांट ठेवा.

फूल काढायला कात्री वापरू नका. दांडा बुडाशी धरून हलका पिळत ओढायचा. कापलेलं थुटुक मागे राहिलं तर ते सडतं आणि ती सड गाभ्यात उतरते. फुलदाणीतही दोन बोटंच पाणी. दांडा केसाळ असतो, खोल पाण्यात लवकर सडतो.

‘हो म्हणेल, नाही म्हणेल’ करत पाकळ्या तोडणाऱ्यांसाठी एक माहिती. डेझीची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल असतं आणि मधली चकती हा आणखी कितीतरी बारक्या फुलांचा गुच्छ. क्रशसाठी किती फुलं खर्ची पाडायची, तुम्ही ठरवा!

‘नासाने सांगितलंय, जर्बेरा खोलीतली हवा शुद्ध करतो’ हे रीलही तुम्ही पाहिलं असेल. तो १९८९ चा अभ्यास खरा, पण प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. तुमच्या खोलीत एका कुंडीने काही फरक पडत नाही. खिडकी उघडा.

आता जरा पैशांचं. लग्नसराईत जर्बेऱ्याला भाव मिळतो, ती संपली की तो आपटतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली आणि शेतकऱ्यांना तोडलेली फुलं फेकून द्यावी लागली. आता प्लॅस्टिकच्या फुलांशी स्पर्धा आहे. यंदा गॅदरिंगच्या डेकोरेशनचं बजेट तुमच्या हातात असेल तर एकदा मार्केट यार्डात पहाटे जाऊन खऱ्या जर्बेऱ्याचा भाव विचाराच. आणि हो, बादली सोबत न्या. दोन बोटं पाणी पुरे.